दोन चित्रांच्या मधला बैल

मिरज
२२ जानेवारी २०२५

आदरणीय बाईंना उत्कर्षाचा नमस्कार.

फोन केला असता, पण तुम्ही म्हणाला असता, "आधी लिहून काढ, लिहिताना निम्मी शंका आपोआप सुटते." तुमच्या विज्ञानाच्या तासाला हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की हात आपोआप पेनाकडे गेला. शंका मात्र सुटलेली नाही.

मी इथे नानासोंकडे आहे. त्यांचा एलईडी स्क्रीनचा ट्रक आहे. लग्नं, सभा, जत्रा आणि अलीकडे सगळ्यात जास्त बैलगाड्यांच्या शर्यती. शर्यत संपते त्या रेघेवर कॅमेरा असतो, तो लॅपटॉपला जोडलेला, लॅपटॉप स्क्रीनला. ट्रकमध्ये बसून ते सगळं मी चालवते. मशीनवर पोरगी आहे म्हणून पहिले सहा महिने माणसं स्क्रीन सोडून मलाच बघत होती. आता सवय झाली त्यांना.

गेल्या रविवारी, १९ तारखेला, रहिमतपूरच्या पुढे एका माळावर शर्यत होती. फायनलला सात गाड्या. त्यातल्या दोन बरोबरीने रेघेवर आल्या. एका गाडीला रायफल नावाचा बैल, तो विश्वजीत नावाच्या तरुणाचा. दुसरीला हरण्या, तो आटपाडीकडच्या कुणा बिरदेवचा. दोन पंचांपैकी एकाने या गाडीकडे हात केला, दुसऱ्याने त्या. लोक ओरडायला लागले, "स्क्रीनवर घ्या, स्क्रीनवर!" मी सावकाश फिरवून दाखवलं. एका चित्रात रायफलचं नाक बरोबर चुन्याच्या रेघेला टेकलेलं होतं आणि हरण्या चार बोटं मागे. मी तिथे थांबवलं.

कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब, फौजेतून निवृत्त, विश्वजीतचे वडील. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "डोळं उघडून बघा! तीन हजार आठशे चाळीसचा स्क्रीन हाय ह्यो. सेकंदाला तेवढी चित्रं! ह्यातनं माशीबी सुटत न्हाई!" रायफलवर गुलाल पडला. मानाची ढाल वर्षभर त्यांच्या दारात राहणार.

बिरदेवने तक्रार केली आहे. म्हणून कमिटीने नानासोंकडे एक कागद पाठवला आहे, "स्क्रीनवर दिसलेला निकाल अचूक होता." त्याखाली ऑपरेटरची, म्हणजे माझी, सही हवी. नानासो म्हणतात, सही कर, नाहीतर पुढच्या सगळ्या शर्यती दुसऱ्या ट्रकला जातील आणि तुला ठेवून मी काय करू?

मला दोन्ही गाड्यांचं काही घेणंदेणं नाही. पण खात्रीशिवाय सही करायला हात धजत नाही. रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट हे शब्द मी दिवसातून वीसदा उच्चारते आणि मला ते नीट येत नाहीत, हे आता कळलं. पहिल्यापासून सांगाल का?

तुमची
उत्कर्षा


सातारा
२७ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. दोन वर्षं मशीनवर बसतेस आणि मशीन काय करतं ते माहीत नाही, हे लिहायला तुला लाज वाटली असेल अशी आशा आहे. पण विचारलंस, हे बरं केलंस. बरेच जण न विचारताच निवृत्त होतात.

रिझोल्यूशन म्हणजे ठिपके किती आहेत ते. शाळेच्या ओट्यावर बसून तुझी आजी तानुबाई लोकर कातायची, आठवतं? मी तिला विचारलं होतं, घोंगडीवर मोराचा डोळा का नाही काढत? ती म्हणाली, "बाई, धाग्यापरीस बारीक नक्षी येत न्हाई." भौतिकशास्त्राच्या तीन पानांचं सार तिने एका वाक्यात सांगितलं. कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे एक धागा. त्याच्याहून बारीक जे आहे ते कॅमेऱ्याला दिसलेलंच नाही. मग ते चित्र घराएवढ्या स्क्रीनवर ताणलं तर काय होईल? धागे जाड होतील. नक्षी वाढणार नाही.

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नव्याने उजळतो ते. तुमचा तो तीन हजार आठशे चाळीसचा आकडा दिव्यांच्या उघडझापेचा आहे, चित्रांचा नाही. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं देत असेल, तर तुमचा स्क्रीन एकच चित्र दीडशेहून जास्त वेळा उजळून दाखवतो. एकच बातमी दीडशे वेळा वाचली म्हणून त्यात नवी ओळ छापली जात नाही.

म्हणून स्क्रीनची फुशारकी मला सांगू नकोस. कॅमेऱ्याचं सांग. वाघरीच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभी राहून तू मेंढरं मोजायचीस. डोळे उघडमीट करत मोजलीस, तर मिटल्या डोळ्यांपुढून आधी कोणतं मेंढरू गेलं? नंतर कितीही आठवलंस तरी सांगता येणार नाही. कारण विसरलेली नाहीस. बघितलेलंच नाहीस.

आता अभ्यास. कॅमेरा सेकंदाला किती चित्रं घेतो ते बघ. तो कुठे होता आणि किती मीटर रुंदीचा माळ त्यात मावत होता ते लिही. स्क्रीनवरच्या दोन दिव्यांमधलं अंतर पट्टीने मोज. आणि मूळ फाइल उघडून, रेघेच्या आसपासचं एक एक चित्र बोटावर मोज. नाक रेघेला टेकलेलं चित्र कितवं, ते मला हवं आहे.

तोवर सही करायची नाही.

माया जगदाळे


मिरज
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

अभ्यास केला. नसता केला तर बरं झालं असतं, असं दोन दिवस वाटत होतं.

कॅमेरा रेघेच्या अगदी समोर खांबाला बांधलेला होता. आडवे एकोणीसशे वीस ठिपके आणि त्यात चाळीस मीटर माळ. म्हणजे एक ठिपका दोन सेंटिमीटरचा, एका बोटाएवढा. सेकंदाला पंचवीस चित्रं. दोन दिव्यांमधलं अंतर चार मिलिमीटर. सोळा फुटी स्क्रीनवर आडवे जेमतेम बाराशे दिवे होतात. याहून जास्त ठिपके माझ्या फोनवर आहेत! आणि आम्ही गावोगाव सांगत फिरतो की मोठा स्क्रीन आहे, सगळं दिसतं.

मग मूळ फाइल उघडली. एका चित्रात दोन्ही बैल रेघेच्या अलीकडे आहेत. त्याच्या पुढच्याच चित्रात दोन्ही पलीकडे. मधे काही नाही. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत बैल दीड फुटाहून जास्त पळालेत.

बाई, नाक रेघेला टेकलेलं चित्र फाइलमध्ये नाहीच.

ते कुठून आलं तेही सापडलं. सावकाश फिरवताना चित्र धक्के खात पुढे जातं, ते दिसायला वाईट. म्हणून लॅपटॉपवर 'स्मूथ' असं एक बटण आहे. ते दाबलं की मशीन दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच बनवून भरतं. अंदाजाने. लग्नात नवरी सावकाश चालत येते तेव्हा मी ते रोज दाबते. सवयीने त्या दिवशीही दाबलं. ज्या बैलाला बघून सगळं गाव ओरडलं, तो बैल मशीनने काढलेला होता आणि मशीन मी चालवत होते.

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पण एक गोष्ट चांगली झाली आहे. दोन खऱ्या चित्रांत कोणता बैल रेघेच्या किती अलीकडे आणि किती पलीकडे ते ठिपक्यांनी मोजून मी त्रैराशिक मांडलं. उत्तर येतं की हरण्या बोटभर आधी पोचला. म्हणजे चुकीचा निकाल दुरुस्तच करता येईल. तो कागद मी कमिटीला पाठवू का?

उत्कर्षा


सातारा
७ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा,

फाइल उघडलीस आणि चूक लपवली नाहीस, त्याबद्दल दहापैकी दहा. त्रैराशिकाबद्दल शून्य.

तुझा एक ठिपका बोटाएवढा. पळत्या बैलाचं नाक चित्रात फरफटलेलं दिसतं, ते किती ठिपके? पाच-सहा तरी असणार. ते तू लिहिलं नाहीस, आणि न लिहिण्याचं कारण मला कळतं. बोटभर जाडीच्या धाग्याने, सहा बोटं पुसट असलेल्या नक्षीत तू बोटभराचा फरक मोजलास. हे गणित नव्हे. त्याच मापांनी रायफल जिंकल्याचं मी तुला पाच मिनिटांत सिद्ध करून देते.

आता दुसरं. तुला दोन्ही गाड्यांचं काही घेणंदेणं नाही, असं तू लिहिलंस. तुझे वडील हरिबा मेंढरांमागे असायचे, म्हणून पालकसभेला दर वर्षी लाल पटक्याचा एक उंच माणूस यायचा आणि रजिस्टरात सही करायचा. मामा, बिरदेव. आटपाडी. मी सदतीस वर्षं रजिस्टरं तपासली आहेत, उत्कर्षा.

रागावून लिहीत नाही, कारण मीही तुझ्यापासून लपवलं. तू ज्या गावाचं नाव लिहिलं नाहीस ते माझं माहेर. लालासाहेब माझा धाकटा भाऊ. विश्वजीत माझा भाचा. रायफलची आई तो आठवड्याचा असताना गेली, तेव्हा दिवाळीच्या दिवसांत त्याला बाटलीने दूध मी पाजलं आहे. तुझं पहिलं पत्र वाचताना मलाही वाटलं होतं, असू दे, रायफल जिंकला तर जिंकला. दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळेच.

तर आपण दोघी सारख्याच. म्हणून आता दोघींनी एकच करायचं. सही करायची नाही. आणि नुसतं गप्पही बसायचं नाही. तो खोटेपणाच, फक्त शाई वाचते. बटण तू दाबलंस, ते तू सांगायचंस. तुझ्या मामालाही आणि माझ्या भावालाही. कोण जिंकलं असं विचारतील, तर जे खरं आहे तेच उत्तर द्यायचं, की दिसलं नाही.

नोकरी जाईल. जाऊ दे. खोट्या सहीवर टिकलेली नोकरी दर महिन्याला नवी सही मागते.

लालाला मी आजच पत्र लिहिलं आहे. त्याचा फोन मी उचलत नाही. फोनवर तो रडतो.

माया जगदाळे


१२ फेब्रुवारी

आक्का,

तुझं पत्र पोचलं. तू फोन उचलत न्हाईस म्हणून मीबी लिवतोय. हवालदार होऊन रिटायर झालो तरी तुझ्यापुढं अजून शुद्धलेखनच तपासून घ्यायचं नशिबात हाय.

ठिपकं आन उघडझाप मला सांगू नको. दहा हजार मान्सांनी बघितलंय. त्या समद्यांचं डोळं फुटलं व्हतं व्हय? आन ती तुझी शिष्या बिरदेवाची भाची निघाली, ते कळलं मला. तिनं मामाची बाजू घेतली तर ते विज्ञान, आन मी पोराची घेतली तर लबाडी? लय भारी शाळा हाय तुमची.

आगं, बैलाच्या अंगावर पडलेला गुलाल कवा कुणी परत घेतलाय का? आपल्या आज्ज्यापासनं रीत हाय. गुलाल पडला, निकाल झाला. उद्या पाच गावची मान्सं माझ्या दारात थुंकतील. विश्वजीत म्हणतोय, आत्तीनंच दूध पाजलं आन आत्तीच बैल पाडाया निघाली.

तेवीस तारखेला, रविवारी, त्योच ट्रक परत बोलावलाय. रायफलला गुलालात न्हाऊन आणणार आन त्येच चित्र समद्या गावापुढं परत लावणार. बिरदेवालाबी बोलावलंय, बघू दे डोळं भरून. तुझ्या त्या पोरीला सांग, बटन दाबायचं, कागदावर सही ठोकायची आन गप बसायचं.

गुडघा कसा हाय? भाकरीला ये. भांडण भांडणाच्या जागी.

लालासाहेब


सातारा
१६ फेब्रुवारी २०२५

लाला,

गुडघा बरा आहे. भाकरीला येणार नाही.

तू सीमेवर पहाऱ्याला असताना मला पत्रं लिहायचास. एकात लिहिलं होतंस, रात्रभर धुकं होतं, समोर काहीतरी हललं, सकाळी साहेबांनी विचारलं काय होतं, आणि मी सांगितलं, साहेब, दिसलं नाही. जवळचा जवान म्हणत होता, वाघ सांग, शाबासकी मिळेल. तू सांगितला नाहीस. ते पत्र माझ्याकडे आहे. पंचवीस वर्षांचा पोरगा होतास तेव्हा तुला जे जमलं, ते आता पासष्टीत का जमू नये?

दहा हजार माणसांचे डोळे फुटले नव्हते. दहा हजार माणसांनी एक खोटं चित्र बघितलं. ते दहा हजार वेळा खोटं झालं, खरं झालं नाही.

आणि गुलालाचं म्हणशील तर तो पाण्याने जातो. तू नाही धुतलास तर मी बादली घेऊन येते.

आक्का


आटपाडी
२४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

वरचं गाव बघून समजला असाल. मिरज सुटली. सगळं क्रमाने लिहिते.

माळावर जाण्याआधी मामाला सांगितलं की स्मूथचं बटण मी दाबलं होतं. तो खूश झाला. मग त्रैराशिकाचंही सांगितलं आणि ते खोटं आहे हेही सांगितलं. त्याने पहिलं अर्धंच ऐकलं.

काल अकरा वाजता माळ भरला होता. रायफलला वाजतगाजत आणलं, शिंगांपासून शेपटीपर्यंत गुलाल. तुमचे भाऊ माइकवर होते. म्हणाले, "लाव गं पोरी त्ये चित्र!" मी लावलं. नाक रेघेवर. केवढा आवाज झाला, ट्रकचा पत्रा थरथरला.

आवाज थांबेपर्यंत मी थांबले. मग त्याच चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे चित्र कॅमेऱ्याने काढलेलं नाही. मशीनने अंदाजाने बनवलं आहे. बटण मी दाबलं होतं. चूक माझी. उत्कर्षा हरिबा."

नानासो खालून म्हणाले, "काढ ते! काढ म्हणतो ना!" मी केबिनची कडी आतून लावली.

मग पहिलं खरं चित्र लावलं, दोन्ही बैल रेघेच्या अलीकडे. मग पूर्ण काळा स्क्रीन. मग दुसरं खरं चित्र, दोन्ही पलीकडे. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा काळ्या स्क्रीनवर थांबले आणि त्यावर दोनच शब्द टाकले, "दिसलं नाही."

सोळा फूट रुंदीची अक्षरं, बाई. ती वाचायला चार-चार मिलिमीटरवरचे दिवेही पुरले.

मग एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी? जितलं कोण?" माझ्याजवळ माइक नव्हता. मी खिडकीतून ओरडले, "मला माहीत नाही! तुम्हालाही नाही! कुणालाच नाही!"

तेवढ्यात मामा ट्रकच्या पायरीवर चढला. "आगं, तुझं गणित दाव की! हरण्या बोटभर म्होरं हुता म्हणालीस न्हवं? दाव त्ये!"

"ते गणित नव्हतं, मामा. माझी इच्छा होती."

"पदरचीच माणसं बुडवायला निघाल्यात!" तो दार हलवायला लागला. मग खालून आजी. तिला कुणी जीपमधून आणलं होतं कोण जाणे. काठी आपटून म्हणाली, "बिऱ्या, उतर खाली! धाग्यापरीस बारीक नक्षी येत न्हाई. तुझ्या बैलालाबी न्हाई आन त्येच्या बैलालाबी न्हाई. उतर!" मामा उतरला. त्याच्या आईपुढे अजून त्याचं चालत नाही.

लालासाहेब स्क्रीनकडे बघत उभे होते. माइक चालूच होता, त्यांचा श्वास सगळ्या माळावर ऐकू येत होता. आणि मग, बाई, विश्वजीत बादली घेऊन आला. वडिलांनी विचारलं, "ह्ये काय रं?" तो म्हणाला, "आत्ती येऊन धुणार म्हणालीया. तिच्या गुडघ्याला कशाला तरास? मीच धुतो." गर्दी हसली, पण वाईट हसली नाही. त्याने रायफलला धुतलं. लाल पाणी चुन्याच्या रेघेवरून वाहत गेलं.

तुमचे भाऊ माइकवर शेवटी एवढंच म्हणाले, "यंदाची ढाल कुणाच्याच दारात न्हाई. भैरोबाच्या देवळात टांगा." माझ्याकडे बघितलंही नाही.

कमिटीचा कागद सहीशिवाय परत दिला. नानासोंनी तिथेच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. आजी माझ्याशी बोलते, मामा बोलत नाही. मी शेळ्या बघते आहे. वाईट वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण परत तीच वेळ आली, तर कडी आणखी लवकर लावीन.

उत्कर्षा


सातारा
१५ मार्च २०२५

चि. उत्कर्षा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, त्या यावेळी सोडून दिल्या.

काल लाला आला होता. दोन तास बसला, तीनदा चहा प्याला, पावसाबद्दल बोलला. मार्चमध्ये! मी काही विचारलं नाही. शेवटी चप्पल घालताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "आक्का, सेकंदाला किती चित्रांचा क्यामेरा घ्यावा?"

मी सांगितलं, अडीचशे तरी घे. तरीही दोन चित्रांच्या मधे बैल दोन इंच पळेलच.

"आन दोन इंचापरीस कमी फरक आसला तर?"

"तर काय म्हणायचं ते तुला माहीत आहे. गावाला सोळा फुटी अक्षरांत वाचून दाखवलंय तिने."

त्याने दुसरी चप्पल घातली. मग म्हणाला, "पण ते म्हणायला मानूस लागतं, आक्का. मशीन काय, कायबी दाखवतं. आमच्या गावात तसं कोण न्हाई." आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला. नानासोंशीही त्याचं बोलणं झालं आहे म्हणे. तुला बोलावलं तरच कमिटी त्यांचा ट्रक घेणार.

पत्र आलं की भुलून जाऊ नकोस. लाला गोड लिहितो. आधी अटी घाल, मग हो म्हण. त्याच्या तोंडावर अटी घालणारी बाई त्याच्या आयुष्यात आतापर्यंत एकच होती. ती आता थकली आहे.

माया जगदाळे


आटपाडी
२१ मार्च २०२५

श्री. लालासाहेब यांस नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. "झालं गेलं विसरून स्क्रीन सांभाळायला ये" असं आपण लिहिलं आहे. झालेलं मी विसरणार नाही, आपणही विसरू नये. पण येईन.

कॅमेरा रेघेच्या समोर खांबाला बांधायचा आणि बांधल्यावर त्याला कुणीही हात लावायचा नाही, अध्यक्षांनीही नाही. निकाल मूळ फाइलवरूनच दिला जाईल. स्मूथचं बटण असलेला लॅपटॉप मी घेणार नाही. मी ट्रकमध्ये बसणार नाही, रेघेवर बसेन, पंचांच्या शेजारी, खुर्चीवर. बाईमाणूस रेघेवर नको, अशी रीत असेल तर ती पाण्याने धुवून घ्या. विश्वजीतला बादली कुठे आहे ते माहीत आहे.

निकाल जाहीर होण्याआधी गुलालाचं पोतं कुणी सोडायचं नाही.

हरण्या माझ्या मामाचा आहे. रायफल माझ्या बाईंचा आहे. म्हणून आधीच सांगते. जे दिसेल ते दिसलं म्हणेन, हरण्या हरला तरी आणि त्यानंतर घरी मला कुणी भाकरी वाढली नाही तरी. आणि जे दिसणार नाही, त्या वेळी स्क्रीन काळा होईल आणि त्यावर तेच दोन शब्द येतील. समोर दहा हजार असोत की पन्नास हजार.

कबूल असेल तरच कळवा. नसेल तर तुमचा स्क्रीन तुम्हाला लखलाभ.

उत्कर्षा हरिबा

ता. क. सही वर केली आहे. ही मी वाचून केली आहे.